मूत्राशयाची अतिघाई : संकोच सोडल्यास उपचार हाताशी

विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या उपनगरी गाडीत स्वच्छतागृह नसते आणि प्रवास सव्वा तासाहून अधिक वेळाचा असतो. रोज हा प्रवास करणाऱ्या अनेकांनी, विशेषतः स्त्रियांनी, त्यावर आपापले तोडगे शोधलेले असतात. सकाळचे पाणी टाळायचे, घरातून निघताना गरज नसली तरी एकदा जाऊन यायचे, आणि वाटेतल्या कोणत्या स्थानकावरचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे हे लक्षात ठेवायचे. प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसाला ही केवळ गैरसोय वाटते. मात्र लघवीची भावना झाली की ती क्षणभरही थोपवता येत नाही, अशी ज्याची स्थिती असते, त्याच्यासाठी हाच प्रवास धास्तीचा ठरतो. पुढे लग्नसमारंभ, नाटक, लांबचा प्रवास आणि पाहुण्यांकडचा मुक्काम यांतून अशी व्यक्ती हळूहळू अंग काढून घेऊ लागते. कारण मात्र घरातही सांगितले जात नाही.

या त्रासाला वैद्यकशास्त्रात 'ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर' म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशय असे नाव आहे. 'वय झाले, असे व्हायचेच' किंवा 'बाळंतपणानंतर बायकांना हे असतेच' असे म्हणून तो सोसला जातो. वस्तुतः वाढत्या वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढत असले, तरी तो वार्धक्याचा अटळ भाग नव्हे. त्यावर उपचार आहेत, आणि त्यांतील पहिला व महत्त्वाचा उपचार औषधाच्या गोळीत नसून सवयी बदलण्यात आहे. अडचण अशी की, संकोचापोटी रुग्ण स्वतःच जे तोडगे काढतो, त्यांतील बहुतेक त्रास वाढवणारेच असतात.

विकार नेमका कोणता?

'इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी' या संस्थेने २००२ मध्ये या विकाराची व्याख्या निश्चित केली. तिच्यानुसार अचानक उद्भवणारी आणि पुढे ढकलता न येणारी लघवीची घाई हे त्याचे मुख्य लक्षण होय. तिच्या जोडीला दिवसा वारंवार लघवीला जावे लागणे आणि रात्री त्यासाठी झोपेतून उठावे लागणे ही लक्षणे बहुधा असतात. सर्वसाधारणपणे २४ तासांत ८ पेक्षा अधिक वेळा जावे लागत असेल, तर ते प्रमाण जास्त समजले जाते. काहींना स्वच्छतागृहापर्यंत पोचण्यापूर्वीच लघवी सुटते, काहींना तसे होत नाही. जंतुसंसर्ग किंवा तत्सम अन्य उघड कारण नसताना ही लक्षणे दिसत असतील, तरच त्यांना हे नाव दिले जाते.

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा वजन उचलताना लघवीचे थेंब सुटणे हा मात्र वेगळा विकार आहे. त्यात मूत्रमार्गाला आधार देणारे स्नायू सैल पडलेले असतात आणि घाईची भावना नसते. दोहोंचे उपचार वेगळे असल्याने हा फरक डॉक्टरांना नीट सांगणे आवश्यक ठरते. अनेक स्त्रियांमध्ये दोन्ही प्रकार एकत्रही आढळतात.

हा केवळ स्त्रियांचा आजार आहे, हाही एक गैरसमज होय. कॅनडा, जर्मनी, इटली, स्वीडन आणि ब्रिटन या पाच देशांतील १८ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे १२ टक्के लोकांना हा त्रास असल्याचे आढळले. स्त्रियांमधील प्रमाण सुमारे १३ टक्के, तर पुरुषांमधील सुमारे ११ टक्के होते. पुरुष बहुधा हा त्रास प्रॉस्टेट ग्रंथीच्या खात्यावर टाकतात. अनेकदा ते खरेही असते, पण प्रत्येक वेळी नव्हे.

मूत्राशयाचे काम कसे चालते?

मूत्रपिंडे दिवसाकाठी साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती थेंबाथेंबाने मूत्राशयात उतरते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक लवचीक पिशवी. तिच्या भिंतीतील स्नायूला 'डिट्रुसर' म्हणतात. पिशवी भरत असताना हा स्नायू सैल राहतो आणि मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू आवळलेला असतो. साधारण १५० ते २०० मिलिलिटर लघवी जमल्यावर पहिली जाणीव होते, आणि ३०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत प्रौढ माणूस ती सहज रोखून धरू शकतो.

पिशवी भरल्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. सोयीची जागा व वेळ मिळेपर्यंत मेंदू मूत्राशयाला थोपवून धरतो आणि अनुकूल स्थिती आली की परवानगी देतो. मग भिंतीचा स्नायू आकुंचन पावतो, मूत्रमार्गाचा स्नायू सैल होतो आणि लघवी बाहेर पडते. तान्ह्या बाळात मेंदूचा हा ताबा नसतो. तो दोन-तीन वर्षांच्या वयात शिकवला जातो. अतिक्रियाशील मूत्राशयात हाच ताबा ढिला झालेला असतो. पिशवी अर्धीही भरलेली नसताना भिंतीचा स्नायू अवेळी आकुंचन पावू लागतो किंवा ती भरल्याचा निरोप मेंदूकडे फार लवकर जातो.

रुग्णाचे घरगुती तोडगे कसे अंगलट येतात, हे यावरून समजू शकते. भीतीपोटी दर अर्ध्या तासाने जाऊन येण्याची सवय लागली, की मूत्राशय जेमतेम भरल्यावरच रिकामे होऊ लागते. थोड्या लघवीवरच निरोप धाडण्याची त्याला सवय लागते आणि घाईचे प्रसंग कमी होण्याऐवजी वाढतात. पाणी तोडल्यास लघवी दाट होते. अशी लघवी मूत्राशयाला टोचू लागते, शिवाय बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग आणि मूतखडा यांना निमंत्रण मिळते. बद्धकोष्ठता व जंतुसंसर्ग यांनी तर घाई आणखी वाढते. याउलट, दिवसभर सक्तीने लघवी तुंबवून ठेवणे हेही हितावह नाही.

आधी अन्य कारणे तपासावीत

वारंवार लघवी होण्यामागे अनेक कारणे असू शकतात. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्राशयातील खडा, प्रॉस्टेट ग्रंथीची वाढ, पक्षाघात, कंपवात आणि मज्जारज्जूचे विकार ही त्यांतील काही होत. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिल्या जाणाऱ्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हेही एक कारण असते. भारतात आणखी एका शक्यतेचा विचार करावा लागतो, ती म्हणजे मूत्रसंस्थेचा क्षयरोग. त्यात मूत्राशय आकसून लहान होऊ शकते. लघवीत पू आढळतो, पण नेहमीच्या चाचणीत जंतू वाढत नाहीत आणि प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स घेऊनही गुण येत नाही. अशा वेळी क्षयाची तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते.

निदानासाठी बहुतेकांना महागड्या तपासण्यांची गरज पडत नाही. सविस्तर विचारपूस, शारीरिक तपासणी, लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी, आणि आवश्यकता वाटल्यास लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती शिल्लक राहते हे पाहणारी सोनोग्राफी एवढ्यावर प्राथमिक निदान होते. मूत्राशयातील दाब मोजणारी 'युरोडायनॅमिक' तपासणी सरसकट लागत नाही.

सर्वांत उपयुक्त तपासणी मात्र रुग्णाने घरीच करायची असते. ती म्हणजे तीन दिवसांची नोंदवही. केव्हा आणि किती पाणी, चहा वा अन्य पेये घेतली, केव्हा लघवी झाली, मापाच्या भांड्यात ती किती भरली, घाई होती का, लघवी सुटली का, एवढे लिहून ठेवायचे. या साध्या नोंदीतून बरेच काही उलगडते. उदाहरणार्थ, एखादी व्यक्ती दिवसातून १४ वेळा जाते आणि दर खेपेस १०० मिलिलिटरच लघवी होते, असे दिसले तर दिवसाची एकूण लघवी १४०० मिलिलिटर, म्हणजे नेहमीइतकीच आहे. दोष मूत्राशयाच्या उतावळेपणात आहे. पण १४ वेळा जाऊन दर खेपेस ३०० मिलिलिटर होत असेल, तर एकूण लघवी चार लिटरांच्या वर जाते. येथे मूत्राशय निर्दोष असून मधुमेह किंवा अतिरेकी पाणी पिणे यांचा शोध घ्यायला हवा.

रात्रीच्या त्रासाचेही तसेच आहे. वृद्धांमध्ये दिवसभराच्या लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक लघवी रात्री होत असेल, तर पायांवरील सूज, हृदयाचा अशक्तपणा, झोपेत श्वास अडखळणे किंवा रात्री उशिरा पाणी पिणे अशी कारणे त्यामागे असू शकतात. तेथे केवळ मूत्राशयाची गोळी देऊन भागत नाही.

पहिला उपचार : मूत्राशयाला पुन्हा शिस्त

उपचाराची सुरुवात खाण्यापिण्याच्या सवयींपासून होते. पाणी बंद करायचे नसते, तर ते दिवसभरात विभागून घ्यायचे असते. सर्वसाधारण प्रौढासाठी दीड ते दोन लिटर द्रव पदार्थ पुरेसे होतात. कडक उन्हाळ्यात किंवा अंगमेहनतीच्या कामात अधिक लागतात. हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास पेये कमी ठेवावीत. चहा-कॉफीतील कॅफीनमुळे लघवीची घाई वाढू शकते. दिवसाला पाच-सहा कप चहा घेणाऱ्यांनी तो हळूहळू दोनवर आणून फरक पाहावा. बद्धकोष्ठतेवर उपाय करणे आणि धूम्रपान सोडणे यांचाही लाभ होतो.

वजनाचा संबंध तर प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. अमेरिकेत ३३८ स्थूल स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाचा कार्यक्रम पाळणाऱ्या गटाचे वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्क्यांनी घटले. त्यांच्या लघवी सुटण्याच्या प्रसंगांत ४७ टक्क्यांनी घट झाली. केवळ माहिती दिलेल्या गटात ही घट २८ टक्के होती.

त्यापुढची पायरी म्हणजे मूत्राशयाचे प्रशिक्षण. नोंदवहीवरून दोन खेपांमधले सध्याचे अंतर काढायचे. ते एक तास असेल, तर घड्याळ लावून दर तासाला जायचे, मधल्या वेळेत घाई झाली तरी शक्यतो थांबायचे. हे जमू लागले की दर आठवड्याला अंतर १५ मिनिटांनी वाढवायचे. तीन ते चार तासांचे अंतर हे उद्दिष्ट ठेवायचे. याला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडून देणे ही नेहमी होणारी चूक होय.

घाईची लाट येते तेव्हा काय करायचे, याचेही तंत्र आहे. स्वच्छतागृहाकडे धावत सुटल्यास लघवी सुटण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी जागीच उभे राहावे किंवा बसावे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा पटपट आवळून सोडावेत, श्वास शांत ठेवावा आणि उलटे आकडे मोजण्यासारख्या गोष्टीत मन गुंतवावे. घाईची भावना वाढते, शिगेला पोचते आणि ओसरते. ती ओसरल्यावर सावकाश चालत जावे.

हे आवळण्याचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले हे स्नायू ओळखण्याची सोपी खूण म्हणजे, चारचौघांत वायू रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात तेच हे. ते आवळताना पोट, मांड्या वा नितंब ताठ होऊ देऊ नयेत आणि श्वास रोखू नये. सुरुवातीला दोन-तीन सेकंद आणि पुढे जमेल तसे दहा सेकंदांपर्यंत आवळून धरावे, तितकाच वेळ सैल सोडावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने करावे. पुरुषांनाही हा व्यायाम उपयोगी पडतो. लघवी करताना मध्येच धार रोखून व्यायाम करण्याची सवय मात्र लावून घेऊ नये.

हे उपाय औषधाच्या मानाने दुय्यम आहेत, असे कोणास वाटेल. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने त्याचे उत्तर दिले आहे. ५५ वर्षांवरील १९७ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. व्यायाम व घाई आवरण्याचे तंत्र शिकवलेल्या गटात लघवी सुटण्याचे प्रसंग सुमारे ८१ टक्क्यांनी घटले. ऑक्सिब्युटिनिन हे औषध दिलेल्या गटात ही घट सुमारे ६९ टक्के, तर औषध नसलेली गोळी दिलेल्या गटात ३९ टक्के होती.

औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम

सवयी बदलूनही पुरेसा गुण न आल्यास, किंवा त्रास तीव्र असल्यास सोबतीने, औषधे दिली जातात. त्यांचे मुख्यतः दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन, डॅरिफेनासिन ही औषधे मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचनाचा आदेश देणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनाला अटकाव करतात. परंतु हेच रसायन लाळग्रंथी, आतडी, डोळे आणि मेंदू यांतही कार्य करीत असल्याने तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि दृष्टी अंधुक होणे असे दुष्परिणाम संभवतात. वृद्धांमध्ये विस्मरण वा गोंधळलेपण वाढू शकते, त्यामुळे त्यांना ही औषधे जपून दिली जातात. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार किंवा लघवी तुंबण्याचा त्रास असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगणे गरजेचे आहे.

दुसऱ्या वर्गातील मिराबेग्रॉन या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, तर त्याच वर्गातील व्हिबेग्रॉनला २०२० मध्ये. ही औषधे मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू सैल पडण्यास मदत करतात. तोंड कोरडे पडण्याचा त्रास त्यांत कमी असतो. मिराबेग्रॉनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो नियमित तपासावा लागतो. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना योनिमार्गात लावण्याच्या इस्ट्रोजेनच्या मलमाचाही काही वेळा उपयोग होतो. कोणतेही औषध चार ते आठ आठवडे घेतल्याशिवाय त्याचा गुण ठरवता येत नाही, आणि शेजारणीला लागू पडले म्हणून ते दुकानातून परस्पर आणणे धोक्याचे आहे.

औषधांनी भागले नाही तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शने देता येतात. या विकारासाठी अमेरिकेत २०१३ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो. काहींना त्यानंतर लघवी तुंबल्याने काही काळ नळीचा वापर करावा लागतो. घोट्याजवळच्या मज्जातंतूला बारीक सुईद्वारे सौम्य विद्युतप्रवाह देण्याचाही उपचार आहे. तो दर आठवड्याला अर्धा तास असा बारा आठवडे दिला जातो. माकडहाडाजवळच्या मज्जातंतूसाठी त्वचेखाली छोटे यंत्र बसवण्याची पद्धती १९९७ पासून मान्यताप्राप्त आहे, मात्र ती खर्चिक आहे. हे सर्व उपचार पायरीपायरीनेच घ्यावेत, असा पूर्वी आग्रह असे. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र रुग्णाची पसंती व परिस्थिती पाहून, त्याच्याशी चर्चा करून उपचार निवडण्यावर भर दिला आहे.

वृद्धांसाठी प्रश्न केवळ सोयीचा नाही

घरातील ज्येष्ठांच्या बाबतीत या विकाराकडे दुर्लक्ष करणे महाग पडू शकते. रात्री घाईघाईने उठून अंधारात स्वच्छतागृहाकडे जाताना पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते, असे अपघात घरोघरी ऐकू येतात. सुमारे सहा हजार वृद्ध स्त्रियांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, आठवड्यातून एकदा वा अधिक वेळा घाईमुळे लघवी सुटणाऱ्या स्त्रियांमध्ये पडण्याचा धोका २६ टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचा धोका ३४ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणूनच रात्री मंद दिवा, वाटेत अडथळा न ठेवणे, ओल्या लादीची काळजी, भिंतीला धरण्यासाठी कठडा आणि गरज भासल्यास पलंगाजवळ भांडे किंवा कमोडची खुर्ची, या साध्या व्यवस्था उपचाराइतक्याच मोलाच्या आहेत. कपडे सोडण्यास सोपे असावेत. अंथरूण ओले झाले म्हणून आई-वडिलांवर चिडणे टाळावे. ओशाळलेला माणूस पाणी आणखी तोडतो आणि त्रास वाढत जातो.

मूत्राशयाला शिस्त लावायची, तर ठरलेल्या वेळी जाता येईल असे स्वच्छतागृहही हवे. बाजारात, बसथानकावर वा कामाच्या ठिकाणी ते नसेल, तर डॉक्टरांनी आखलेले वेळापत्रक कागदावरच राहते. मुंबईत २०११ पासून स्वयंसेवी संस्थांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहांची व्यवस्था करण्यासंबंधी निर्देश दिले. हा विषय शहराच्या सोयीसुविधांपुरता मर्यादित नसून आरोग्याशी थेट जोडलेला आहे, याची आठवण पाणी न पिता घराबाहेर पडणारी प्रत्येक स्त्री करून देते.

तातडीने दाखवावे अशी लक्षणे

लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच आणि वेदनेविना का असेना, थंडी-तापासह जळजळ, ओटीपोटात सतत दुखणे, लघवीची धार अडखळणे किंवा लघवी पूर्णपणे तुंबणे, वजन घटणे व तहान फार वाढणे, पायांत अचानक अशक्तपणा, किंवा जांघ व गुदद्वाराभोवती बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास नोंदवही भरत बसू नये. त्वरित डॉक्टरांकडे जावे.

एरवी प्रारंभ नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करता येतो. रक्तदाब किंवा साखर दाखवायला गेलेला रुग्ण हा त्रास बहुधा शेवटपर्यंत बोलत नाही, आणि डॉक्टरही गर्दीत विचारत नाहीत. 'मला लघवी थांबवता येत नाही' एवढे एक वाक्य आणि तीन दिवसांची नोंद सोबत नेली, तरी उपचाराला सुरुवात होऊ शकते.